ब्रेकची हवा काढली ती रात्र

वीज गेली तशी घरातली सगळी पोरं गच्चीवर टर्नरकाकांभोवती गोळा झाली. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. अंधारात तो घालून तरी काय बघायचं होतं!

“भुताची नको हं काका,” पुतणी म्हणाली. “मला अजून जिना उतरून खाली जायचंय.”

“भुताची नाहीच. जीपची आहे.”

“मग ठीक.”

“ज्याच्यावर गुदरली तो ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. जीपचे ब्रेकचे ड्रम माझ्याच लेथवर चढले होते. त्यामुळे पदरचं घालायची सोय नाही.” काकांनी पाठ भिंतीला टेकवली. “तारीखसुद्धा सांगतो. गेल्या वर्षीची अठरा फेब्रुवारी. मंगळवार.”

त्या मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ड्रायव्हर स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेक ऑइल घ्यायला गेला. अर्ध्या लिटरची बाटली मागितली. दुकानदार त्याला गेले चार महिने ओळखत होता. म्हणजे असं, की हा आला की भाव विचारणार, मान हलवणार आणि निम्म्या वस्तू परत ठेवणार.

“पुढच्या ब्रेकचे दोन होज पाइप नेलेस. मागचा?” दुकानदाराने विचारलं.

“तो आहे.”

“आहे म्हणजे जुना?”

“धुऊन घेतलाय. कुठे चीर नाही.”

“पत्रा जुना चालतो बाबा. काच जुनी चालते. रबर जुनं नाही चालत. वरून ठणठणीत दिसतं आणि आतून सुटलेलं असतं.”

ड्रायव्हरने खिशात हात घातला. बाटलीपुरतंच निघालं. “चालवून घेऊ,” तो म्हणाला, आणि निघाला.

आता ही जीप काय चीज होती ते सांगायला हवं. ड्रायव्हर ज्या मालकाची गाडी चालवायचा तो धंदा बंद करून गेला. खोली सुटली. हा बायको आणि पोरीला घेऊन मेहुण्याच्या एका खोलीत राहायला आला. मेहुणा स्वभावाने लाख माणूस, पण खोली एकच. मध्ये दोरीवर चादर टाकलेली. पोरगी चादरीच्या या बाजूला अभ्यास करायची, तर मेहुणा त्या बाजूला श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

अशात एक काम कळलं. डोंगरावर हवामान खात्याचं केंद्र होतं. तिथे डिझेलचे ड्रम आणि माणसं वर न्यायला चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. स्वतःची गाडी आणायची, बुधवारी सकाळी नऊला वर केंद्रावर हजर करायची. साहेब गाडी बघणार, पसंत पडली की तिथल्या तिथे कामाचा कागद आणि क्वार्टरची चावी. दोन खोल्या. स्वतःचं दार.

बायकोने त्या दोन खोल्या मनात झाडूनसुद्धा ठेवल्या होत्या. सामान आठवड्यापूर्वीच बांधलं होतं. ठरलं असं, की तिघांनी सामानासकट जीपमधूनच वर जायचं, चावी घ्यायची आणि उतरून थेट पायथ्याच्या क्वार्टरात शिरायचं.

जीप मिळाली भंगारात. अकरा वर्षं गवतात उभी. भाव ऐकून ड्रायव्हरच चपापला. इतकी स्वस्त का म्हणून त्याने विचारलं, तर भंगारवाला सरळ म्हणाला, “दरीतून काढलीय. त्याच डोंगरावरची. उतारावर ब्रेक लागले नाहीत. चालवणारा गेला. म्हणून कुणी घेत नाही.”

हे ड्रायव्हरने घरी सांगितलं नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडला तर आतलं रबर फाटलेलं निघालं. हेच कारण, असं त्याने स्वतःला समजावलं आणि ते बदललं. बाकी सगळी जुळवाजुळव. काचेच्या कडेला सायकलची ट्यूब. आरसा मोटारसायकलचा. सीटचा सांगाडा घरी नेला होता, कारण बायको त्याच्यावर जुन्या रेनकोटचं कव्हर शिवत होती. तळाचा पत्रा गंजला होता. त्याला ठिगळं मारून संध्याकाळी रेड ऑक्साइड फासला. तो विटकरी रंग थंडीमुळे वाळता वाळेना. बोट लावलं की बोटाचा ठसा उठायचा.

“म्हणजे आत कुणी पाय ठेवायचा नाही,” गच्चीवरचा एक पोरगा म्हणाला.

“शाबास. आणि ठेवला तरी बसायचं कशावर? सीट घरी.” काका म्हणाले. “हे ध्यानात ठेवा.”

काम चाललं होतं एका बंद फरशी कारखान्याच्या शेडमध्ये. वॉचमनने उसनी दिलेली जागा. एक ट्यूबलाइट, मागे एक नळ, पुढे लोखंडी फाटक. रात्री अकराला शेवटचं काम उरलं. ब्रेकची हवा काढणं.

या कामाला माणसं दोन लागतात. पाइपात हवा राहिली तर ब्रेक लागतच नाही, पाय नुसता आत जातो. म्हणून एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकाजवळचं निप्पल, म्हणजे छोटी तोटी, उघडायचं. ऑइलबरोबर हवा बुडबुडत बाहेर येते. निप्पल बंद केलं की मगच पेडल सोडायचं. दाब, धर, सोड. बास. हे शंभरदा.

ड्रायव्हर मागच्या डाव्या चाकाशी उताणा झोपला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर. मेहुणा उजव्या दाराबाहेर उभा. आत पाय ठेवायची सोय नाही, म्हणून फावड्याचा दांडा आत घालून तो बाहेरूनच पेडल दाबत होता.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलं.”

“सोड.”

“सोडलं. दाजी, शाळेत मास्तरांनीसुद्धा मला इतका वेळ उभं केलं नव्हतं.”

“केलं असतं तर आज कामाला आला असतास. दाब.”

बारा वाजले. एक वाजला. बुडबुडे काही थांबेनात. दांडा मधेच घसरायचा, मेहुणा सॉरी म्हणायचा, आणि बाटलीतलं ऑइल बोटभर खाली गेलेलं असायचं. दुसरी बाटली आणायची म्हणजे सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबायचं. नऊला वर पोचायचं म्हणजे सातला निघायचं.   पाना दोनदा निसटून ड्रायव्हरच्या तोंडावर पडला.

पावणेदोनला तो गाडीखालून बाहेर आला आणि मागच्या नळावर हात धुवायला गेला. पाणी सोडून डोकंही खाली धरलं. दोन मिनिटं तसाच उभा राहिला. रडला की नाही, ते त्याने मला सांगितलं नाही.

परत येऊन तो थेट चाकाशी आडवा झाला.

“दाब.”

पेडल दाबलं गेलं.

मेहुण्याचं “दाबलं” काही आलं नाही. रागावला असेल, ड्रायव्हरला वाटलं. रागावू दे.

“धर.”

धरलं गेलं. आणि कसं? दांड्याचा हिसका नाही. सावकाश, खोल, सरळ. वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय असतो तसं. निप्पलमधून हवेचा मोठा फुगा निघाला. मग दुसरा. मग नुसतं स्वच्छ ऑइल.

“सोड.”

स्प्रिंग टंग वाजली. सुटलं.

“आत्ता जमलं बघ तुला,” ड्रायव्हर म्हणाला.

उत्तर नाही.

दहा वेळा झालं. पंधरा वेळा झालं. एकदाही चूक नाही. एका चाकाच्या ब्रेकमधली हवा संपली. ड्रायव्हर पडल्या पडल्याच सरकून उजव्या चाकाशी गेला. इतक्या महिन्यांनी त्याच्या छातीवरचा दगड हलला. मग तो बोलायला लागला. अंधारात, वर पत्रा, समोर कुणाचा चेहरा नाही... अशा वेळी माणूस बोलतो.

“चावी मिळाली ना, की तुझी चादर काढून टाक दोरीवरची. चार महिने झेललंस आम्हाला. दाब.”

दाबलं.

“एक सांगतो. ताईला बोलू नकोस. ही जीप दरीतून काढलेली आहे. चालवणारा गेला हिच्यात. सोड.”

सुटायला वेळ लागला.

“मला ठाऊक होतं तरी घेतली. काय करणार होतो? दाब. धर.”

त्याने निप्पल उघडलं. बुडबुडा नाही. बंद केलं. संपलं काम.

“आणि मागचा होज जुनाच लावलाय. उद्याचा एक दिवस निघाला की बदलीन. सोड आता.”

सुटलं नाही.

“सोड रे. झालं.”

नाही.

उलट... पेडल आणखी आत गेलं. ड्रममधून करकर आवाज आला. ब्रेक आवळत होते. दांड्याने इतका जोर लागत नाही. एका पायानेही लागत नाही.

“अरे सोड...”

वरून आवाज आला. बारीक. कुरकुर... कुरकुर...

सीटच्या स्प्रिंगांचा.

कुणीतरी पाठ मागे रेटून, सगळं अंग ताठ करून बसलं की होतो तसा.

सीट घरी होती.

 ड्रायव्हरने मान वळवली. गाडीखालून उजव्या दाराबाहेरची जमीन दिसत होती. तिथे मेहुण्याचे पाय असायला हवे होते.

पाय नव्हते.

फावड्याचा दांडा जमिनीवर आडवा पडला होता.

आणि ब्रेक आवळलेलेच.

...

फाटक वाजलं. चपला फटफटत आत आल्या. सावकाश, सांडू नये म्हणून जपून चालल्यासारख्या.

“दाजी,” मेहुण्याचा आवाज. फाटकापासून. “चहा आणलाय. मघाशी नळावर असताना ओरडून सांगितलं मी तुम्हाला.”

चपला गाडीपाशी येऊन थांबल्या.

“दाजी... बोलत कुणाशी होता?”

तेवढ्यात ड्रायव्हरची नजर वर गेली. तोंडापासून वीतभरावर मागचा होज पाइप. मधोमध फुगला होता. लिंबाएवढा. बघता बघता आणखी फुगला.

फाट्.

तोंडावर, डोळ्यांवर ऑइल. वर पेडल धाडकन तळाला जाऊन आदळलं.

मग काही नाही.

मेहुण्याने त्याला पाय धरून बाहेर ओढलं. नळाखाली नेऊन डोळे धुतले. दोघं फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर उजाडेपर्यंत बसले. चहा तसाच ग्लासांत निवला. मेहुण्याने एकदाच विचारलं, “उंदीर असेल का?”

पहाटे साडेपाचला ड्रायव्हरच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं. “तो पाइप इथे नसता फुटला, तर उतारावर फुटला असता. पोरगी मागे सामानावर बसणार होती.”

दुकान साडेआठला उघडलं. मेहुण्याने मोबाइल तारण म्हणून दुकानदाराच्या हातात ठेवून नवा होज आणि ऑइलची बाटली घेतली. वर पोचायला साडेअकरा झाले. नऊला दुसऱ्या एकाची गाडी पसंत पडली होती आणि चावीही गेली होती. ड्रायव्हरने हात जोडले. बायको तिथेच पायरीवर बसली, बांधलेली भांडी मांडीवर घेऊन. साहेबाने फक्त बदली गाडी म्हणून नाव लिहून घेतलं. पुढे आठ महिने चादर दोरीवरच राहिली. मग तो दुसरा माणूस सोडून गेला, तेव्हा कुठे दोन खोल्या मिळाल्या.

“म्हणजे भुताने काम घालवलं की त्यांना वाचवलं?” एका पोराने विचारलं.

“ते तू ठरव,” काका म्हणाले.

“पण काका, मेहुण्यानेच चेष्टा केली असेल,” पुतणी घाईघाईने म्हणाली. तिला जिना उतरायचा होता. “आधी आत बसून पेडल दाबलं असेल, मग हळूच फाटकाकडे गेला असेल.”

“असेल.”

“असेलच.”

 खाली कुणाचं तरी दार लागलं. पुतणी शेजारच्याच्या अंगावर सरकली.

“त्या बुधवारी सकाळी सातला मी शेडवर गेलो होतो,” काका म्हणाले. “ड्रमचा एक बोल्ट माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला. गाडीचा तळ मी बघितलाय. रेड ऑक्साइड सगळीकडे आरशासारखा गुळगुळीत. दाराशी पाऊल नाही. मधे पाऊल नाही. आत कुणी शिरलं नव्हतं, की आतून कुणी उतरलं नव्हतं.”

“मग?”

“फक्त ब्रेकच्या पेडलखाली... दोन टाचा. अनवाणी. शेजारी शेजारी. रंग कापून खालच्या पत्र्यापर्यंत रुतलेल्या.”

पुतणीने पाय पोटाशी ओढून घेतले.

“ब्रेक एका पायाने दाबतात, पोरांनो.”

काकांनी खिशातून चष्मा काढला, पण डोळ्यांना लावला नाही.

“पुढे त्याने जीपला दोनदा रंग दिला. आतूनबाहेरून. तेवढी वीतभर जागा सोडून.”