डाव्या बाजूची खुर्ची

ती वादळासारखी आत आली. अंगावर शुश्रूषागृहाच्या सेविकेचा निळा कोट, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"आजी माझ्या हातून पडल्या म्हणतायत! संध्याकाळी निरीक्षकांचा अहवाल वर गेला की माझा परवाना रद्द. मग कुठल्याच म्हाताऱ्या माणसाची सेवा करता यायची नाही मला."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी तोवर चपला पायात सरकवल्याही होत्या. धाकटा दीर सावलीसारखा मागे असे आणि 'वहिनी' अशी हाक मारी, म्हणून त्या जगाच्याच वहिनी झाल्या होत्या आणि तो जगाचा भावोजी.

"वहिनी, जेवण अर्धवट राहिलंय."

"अर्धवटपणाची तुम्हाला सवय आहे. चला!"

आजींची खोली उन्हाने काठोकाठ भरली होती. तिथे प्रकाश तेवढा निःपक्षपाती होता. बाकी प्रत्येक चेहऱ्यावर निकाल लागून गेला होता. पलंगाच्या उजवीकडे, आजींच्या उजव्या हाताला, फरशीवर चाकांच्या काळपट रेघा होत्या. व्हीलचेअर मात्र डावीकडे उभी होती.

पक्षाघाताच्या दोन झटक्यांत आजींची डावी बाजू गेली होती आणि वाचाही. साऱ्या भाषेतून एकच शब्द मागे उरला होता.

"आई, या मावशींनीच पाडलं ना तुम्हाला?" सुनेने तावातावाने विचारले.

"हो."

"की मी पाडलं?" वहिनींनी विचारले.

"हो." आजी प्रसन्न हसल्या.

"झाली साक्ष!" वहिनी सेविकेकडे वळल्या. "मावशी, तुम्ही सांगा."

"शेजारच्या खोलीत आजोबांना आंघोळ घालत होते. धप्पकन आवाज आला म्हणून धावले. आजी जमिनीवर, कमरेला उठवायचा पट्टा नीट आवळलेला. हाड शाबूत आहे म्हणाले डॉक्टर. खुर्ची होती तिथेच आहे, मी हलवलेली नाही."

"आजोबा सांगतील तसं?"

"त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, वहिनी."

सून उसळली. "आणि मी जिन्यात होते! तो पट्टा कुठून कुठे जातो हेसुद्धा मला कळत नाही. कळलं असतं तर आईंना घरीच नसतं का सांभाळलं?"

शेवटच्या शब्दावर तिचा आवाज चिरला. वहिनींनी तो ऐकला आणि त्या खाली हॉलमध्ये उतरल्या.

तिथे रुग्ण उचलायला शिकवणारा प्रशिक्षक सरावाच्या माणसाएवढ्या पुतळ्याचे कपडे सारखे करत होता. पुतळ्याच्या उजव्या दंडावर लाल फीत होती.

"ही याची गेलेली बाजू," तो उत्साहाने सांगू लागला. "खुर्ची नेहमी धड बाजूला, म्हणजे याच्या डावीकडे. सकाळी निरीक्षकांचा वर्ग झाला, आता सेविकांचा. तपासणाऱ्यांनीही एकदा माणूस उचलून पाहावा, असा नवा नियम आहे. मोठ्या साहेबांनी असा झकास उचलला, की टाळ्या पडल्या! बाकीचे वर्ग सुटताच गाडीने गेले. साहेब तपासणीसाठी थांबले."

साहेब व्हरांड्यात भेटले. कडक इस्त्री, मनगटापर्यंत बंद बाह्या.

"माझं काम पाहण्याचं," ते म्हणाले. "मी कुणाला हात लावत नाही. या बाईंनी निष्काळजीपणा केला, इतकंच."

वहिनींचे डोळे लकाकले. "भावोजी, सगळ्यांना आजींच्या खोलीत बोलवा. पळा!"

सगळे आजींच्या पलंगाभोवती जमले.

"भावोजी, नीट बांधलेला पट्टा काय सांगतो?"

"की... आजी पडणार हे आधीच ठाऊक होतं?"

"अहो, की उठवणारा शिकलेला होता! म्हणजे सूनबाई सुटल्या. आता खुर्ची. आजींची धड बाजू उजवी. मावशी रोज खुर्ची उजवीकडेच लावतात; फरशीवरच्या रेघा बघा. प्रशिक्षकांची तर तीच शिकवण. मग पट्टा अचूक बांधून खुर्ची डावीकडे कोण लावील? ज्याने आयुष्यात एकच रुग्ण उचलला, तो. 'धड बाजू' विसरून ज्याने फक्त 'डावीकडे' लक्षात ठेवलं, तो. आणि त्याचा तो एकुलता एक रुग्ण खाली हॉलमध्ये लाल फीत बांधून पडलाय."

"निरीक्षक!" भावोजी ओरडले आणि स्वतःच दचकले. "पण ते तर बरेच होते."

"बाकीचे गाडीने गेले. थांबले एकच."

साहेब भिंतीला टेकले. इस्त्रीतला ताठा कपड्यांतच राहिला. आतला माणूस विरघळत गेला.

"आजी खिडकीकडे बघत होत्या," ते पुटपुटले. "विचारलं, तिकडे नेऊ का? म्हणाल्या, हो. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका लिहिण्यात गेलं. आज पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही काही येतं. मग त्या निसटल्या, आणि मी घाबरून पळालो."

त्यांनी सर्वांदेखत फोन लावला. "तो अहवाल रद्द करा. चूक सेविकेची नाही. माझी आहे."

मावशींनी डोळे पुसले आणि त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सुनेला वाटले, आता थोबाडीत बसणार.

"पडताना सोडून दिलंत त्यांना?"

"नाही. खाली मी आलो. त्या माझ्यावर पडल्या."

"तरीच त्यांचं हाड वाचलं." मावशींनी हात पुढे केला. "आणि तुमचं? बाही वर करा. बघू."