नाव न घेता मारलेली हाक

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, माझं काही जात नाही. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्यांच्यासोबत मी दर रविवारी एका टेबलावर जेवते. तेव्हा ऐकीव म्हणू नका.

गेल्या वर्षीचा गुड फ्रायडे. झांबालेसचा किनारा.

कॅरिसा माझी धाकटी जाऊ. मी इकडे मारिकिना शहरात सून होऊन आले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती आली. भारी हौशी बाई. फोनवर तिचं एक पान आहे, हजारो लोक बघतात. कपडे, घर, पोरगा, सगळं त्यावर.

पोरगा किकॉय तेव्हा पावणेदोन वर्षांचा. अखंड बडबड. आईला 'मामा' म्हणायचा. झोपताना आईच्या कानाची पाळी मुठीत धरायची सवय. ती मिळाली नाही तर घर डोक्यावर घ्यायचा.

पानावर कॅरिसा त्याचं नाव कधी सांगायची नाही. जग वाईट आहे, म्हणायची. तिथे तो नुसता 'बेबी'.

हे लक्षात ठेवा.

निघताना आमच्या सासूबाई, नानाय, फाटकाशी उभ्या होत्या.

"शुक्रवारी तीननंतर पोराला पाण्यात घालू नकोस. देव मेलेला असतो त्या वेळी. लक्ष ठेवायला कुणी नसतं."

"नाही घालत, नानाय."

"आणि परत निघताना नावाने हाक मार. किकॉय, चल घरी, म्हणायचं. लहान मुलाचा जीव जिथे रमतो तिथेच बसून राहतो. शरीर गाडीत आणि जीव तिकडे."

"अहो, मॉलमधून निघतानासुद्धा मारते मी. माहीत आहे मला."

"माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं," नानाय म्हणाल्या.

जागा मात्र झकास होती. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत सिमेंटची जमीन, शिंपल्यांचे दिवे, समोर समुद्र. खोलीच्या मागे पाय धुवायचं एक जुनं दगडी टाकं.

किकॉयला समुद्र नको, काही नको. ते टाकंच हवं. त्याच्या कडेला बसून बडबडायचा आणि बिस्किट बाजूला पुढे करायचा... कुणाला तरी द्यावं तसं.

जमिनीवर पडलेलं बिस्किट मात्र कधी दिसलं नाही.

शुक्रवारची दुपार. किकॉय कॅरिसाच्या कुशीत झोपलेला, पाळी मुठीत. बाहेर व्हरांड्यात आवाज आला.

टप... टप... टप...

छोटी, अनवाणी पावलं.

एवढ्यात जेरिक, माझा दीर, आत आला. "काय गं, नानायनी सांगूनसुद्धा पोराला पाण्यात घातलंस? व्हरांडाभर ओले पाय उमटलेत."

"हळू बोल. तासभर झालाय त्याला झोपून."

जेरिकने पोराकडे पाहिलं. मग व्हरांड्याकडे.

"शेजारच्यांचं असेल मग एखादं," तो म्हणाला.

झाडलोट करणारी बाई दारातच होती. "शेजारी कुणी उतरलेलं नाही, सर," ती म्हणाली. तिने पायांचे ठसे पुसले आणि खाली मान घालून निघून गेली.

कॅरिसाने पोराला आणखी जवळ ओढलं. पण हौसेने आलेलं माणूस अशा गोष्टी मनावर घेत नाही. तिनेही घेतलं नाही.

शनिवारी सकाळी निघायची घाई. जेरिक रस्त्यावरच्या गर्दीच्या नावाने ओरडत होता. कॅरिसाचा शेवटचा व्हिडिओ राहिला होता. टाक्यापासून गाडीपर्यंत चालत यायचं, बास. फोन समोर धरून ती गोड आवाजात म्हणाली, "चल बेबी, घरी जाऊ या."

आणि मागे...

टप... टप... टप...

"आला बघा माझा राजा," ती फोनकडे बघून हसली. गाडीचं मागचं दार उघडलं. धरून उभी राहिली. पोटरीला काहीतरी गार घासून गेलं.

मग तिने आत पाहिलं.

किकॉय त्याच्या खुर्चीत पट्टा लावून गाढ झोपला होता.

"केव्हाच बसवलाय त्याला," जेरिक म्हणाला. "दार कुणासाठी धरलंयस?"

तिने दार लावलं. नावाने हाक मारायची राहिली ती राहिलीच.

घरी आलेला किकॉय वेगळाच होता. बडबड बंद. खाणं नाही, रडणं नाही. ताप नव्हता, डॉक्टरला काही सापडलं नाही. झोपवताना कॅरिसाने त्याचा हात कानाला लावला...

त्याने हात काढून घेतला.

सगळी रात्र ती त्याला छातीशी धरून बसली. आपलंच मूल मांडीवर असून आपण त्याला हरवून आलोय, असं वाटत होतं तिला. तिनेच मला सांगितलं हे.

ईस्टरच्या सकाळी नानायनी एकच विचारलं. "नावाने हाक मारलीस?"

कॅरिसाने तो व्हिडिओ लावला. नानाय ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणाला बोलावलंस तू?"

"माझ्याच पोराला."

"पोरगा गाडीत होता. आणि नाव तर तू घेतलंच नाहीस. जे जवळ होतं ते आलं तुझ्यामागे. तुझं राहिलं तिकडे."

गाडी उलट पावली झांबालेसला. किकॉयला कडेवर घेऊन टाक्यापाशी उभी राहून कॅरिसा जिवाच्या आकांताने ओरडली. "किकॉय! चल घरी! मामा आलीय!" लोक बघत होते. बघू देत.

काहीच नाही. नुसता वारा.

ती रडत खाली बसली. तेव्हा खांद्यावरचा छोटा हात हलला... वर आला... आणि तिच्या कानाची पाळी घट्ट धरली.

"मामा, बिस्किट."

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाच बसले नसते.

गाडीत बसण्याआधी नानायनी गाडीचं दुसरं दार उघडून त्या मागून आलेल्याला सांगितलं, "तू इथेच थांब रे बाळा. तुझं घर हे." पण नावच माहीत नाही, तर सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅरिसा आडवी झाली. किकॉय उजवीकडे. उजवी पाळी त्याच्या मुठीत.

डावी पाळी कुणीतरी हळूच धरली.

बोटं गार होती. ओली.

नानाय म्हणाल्या, "ज्याला हाक मारत नाहीत ते मागे राहतं. दोघांना चर्चमध्ये घेऊन जा. निघताना फक्त किकॉयला बोलाव." कॅरिसा गेली. पण दाराशी येऊन म्हणाली, "चला रे, घरी."

"मी बोलावलं म्हणून आलं ना ते, ताई," मला म्हणाली. "असं कसं टाकून येऊ?"

वर्षभर बघतेय मी. आमच्याकडून निघताना किकॉय आत बसला तरी ती दार जरा जास्त वेळ धरून ठेवायची. मग लावायची. 

आता तिला पुन्हा दिवस गेलेत.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर ती बराच वेळ बसली. घरभर नजर फिरवली.

"किती मोठं घर आहे तुमचं, ताई. आणि मूलबाळ नाही."

"त्याची सवय झालीय मला," मी म्हटलं.

"तरी सोबत हवी कुणाची तरी."

मला टोचलं. पण जावेचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

निघताना ती फाटकाशी थांबली. "किकॉय, चल घरी." स्वच्छ, मोठ्याने. एकच नाव. किकॉय बसला आणि तिने लगेच दार लावलं.

लगेच.

माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. गाडी गेली तेव्हा मात्र ती डोळे पुसत होती.

सोमवारी दुपारी मी जेवून आडवी झाले होते. घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या बाजूने आवाज आला...

मी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने डाव्या कानाला गार लागलं.

पोरकं लेकरू असावं, असं वाटतं मला. भीती वाटते, आणि हात झटकवतही नाही.

आज गुरुवार. बाजारहाट खोळंबलाय, पण मी अजून घराबाहेर पडलेले नाही. परत यायला निघताना तोंडाने 'चल घरी' म्हणायचं की नाही, ते माझं ठरत नाहीये.