पन्नास फुटांची हिल्डा

इस्राएलातल्या डिमोनात उन्हाळ्याच्या रात्री घरात बसवत नाही. जेवणं झाली की इमारतीच्या पायऱ्यांवर पोरं जमतात, मधोमध अबाजीकाका, आणि मग भाजक्या बिया फोडण्याचा कटकट आवाज.

"काका, तुम्ही सिनेमात होतात ना?" ओर्नाने विचारलं. "मग भुताचा सिनेमा सांगा."

"सिनेमात नव्हे गं, सिनेमाच्या मागे. मुंबईत एकवीस वर्षं थेटरात प्रोजेक्टरचं मशीन चालवलं. पण सिनेमाचं नाही सांगत. इथं तळमजल्यावर मेयर म्हणून एक होता, त्याची बायको योखेवेद राहायची, तिच्यावर गुदरलेलं सांगतो. आता ती किर्यात गातला असते. खोटं वाटलं तर जाऊन विचारा."

योराम हिब्रूत काही पुटपुटला.

"मराठीत बोल. त्या भुताला हिब्रू येत नव्हतं."

पोरं हसली. काकांनी बियांची पुडी बाजूला ठेवली आणि ते सांगू लागले.

शहात्तर सालचा हनुक्का, आपला आठ दिव्यांचा सण. पहिल्या दिव्याच्या दिवशी, गुरुवारी, योखेवेद बसने बीरशेवाला गेली. काम साधं. मेयर राखीव सैनिकांत महिनाभर मिलुईमला गेला होता, आठव्या दिव्याला परतणार होता. त्याआधी इत्सिकच्या फिल्मा जोडून एका रिळावर नीट लावायच्या होत्या. इत्सिक म्हणजे तिचा दीड वर्षाचा मुलगा. मेयरने मुंबईहून आणलेल्या जुन्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्याच्या तीन फिल्मा काढल्या होत्या, पन्नास-पन्नास फुटांच्या. पहिल्यात बाळाची अंघोळ, दुसरीत वाढदिवस, तिसरीत पोर पहिल्यांदा चाललं ते. पाच पावलं, आणि आईच्या हातांत धप्प.

फोटोच्या दुकानातला रोमानियन म्हातारा तिला रिळं दाखवत होता. "हे नको, गव्हेरेत. हे सुपर एटचं, मधलं भोक मोठं. तुमच्या जुन्या मशीनवर घोळत बसेल." मग मागच्या फळीवरून त्याने बारीक भोकाची दोन रिळं काढली, दोन्ही दोनशे फुटांची. पत्र्याचं घ्यावं तर कड वाकून फिल्म ओरबाडायची. प्लास्टिकचं घ्यावं तर इथल्या उन्हात पापडासारखं वळायचं. योखेवेदने अर्धा तास घेतला. दोन रिळांतलं एक ठरवता येत नाही, ती बाई पोर काय वाढवणार, असंही मनात येऊन गेलं. शेवटी प्लास्टिकचं घेतलं.

"आणि डबा झरोक्यांचा घ्या," म्हातारा म्हणाला. "घट्ट झाकणात फिल्म आंबते. व्हिनेगरचा वास सुटतो. मग संपली."

तिला एकदम हिल्डाचा डबा आठवला.

हिल्डा मेयरची पहिली बायको. मुंबईत टायफॉइडने गेली. मूलबाळ नाही. तिची एकच फिल्म, तीही पन्नास फूट: रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ती चालते आहे, मध्येच वळते, हात पुढे करून हाक मारते. सासूच्या कपाटावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ती फिल्म होती. आणि डब्याला आंबूस वास येत होता.

इत्सिकच्या तिन्ही मिळून दीडशे फूट. रीळ दोनशेचं. हिशेब चोख बसत होता. शिवाय सवतीची फिल्म वाचवली म्हटल्यावर आपण मोठ्या मनाच्या दिसू, हेही होतंच. ते तिने मला पुढं स्वतःहून सांगितलं.

जेमायमाबाई, तिची सासू, दारातच आडव्या आल्या. "तिचा डबा वेगळा असतो, गं. तुझ्या लग्नात पहिलं पातळ तिच्या नावाने बाजूला काढलं, मग तुला नेसवलं. सणाला ताटही तिचं आधी, वेगळं. तिची जागा तिला दिली की ती दुसऱ्याची मागत नाही."

"मम्मी, ही फिल्म आहे. आंबते आहे. केमिकल असतं त्यात."

"शिकलेली आहेस. कर."

शनिवारी दिवस मावळून शब्बाथ सुटल्यावर योखेवेदने माझ्याकडून जोडायचं यंत्र नेलं. तीन जोड मारले. चौथ्या क्रमांकाला हिल्डा. दिवे लावून झाल्यावर भिंतीवर सगळं पाहिलं. पोर पाच पावलं चाललं, आईच्या हातांत पडलं. मग किनारा आला... जेमायमाबाई उठून आत गेल्या.

रीळ नव्या डब्यात, डबा कपाटात.

रविवारी सकाळी रीळ मशीनवर चढवलेलं होतं. अर्धवट फिरलेलं. बरोबर शेवटच्या जोडावर थांबलेलं. इकडच्या रिळावर हिल्डा, तिकडच्यावर इत्सिक.

"मम्मी, रात्री मशीनला हात लावलात?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही, मशीन काय ओवणार?"

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. योखेवेदला ते माहीत होतं. तरी तिने कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या पोतीला बांधली.

सोमवारी सकाळी पुन्हा तेच. कुलूप लागलेलं, किल्ली गळ्यात. रीळ मशीनवर. त्याच जोडावर.

ती बोलू नये ते बोलली. जेमायमाबाईंनी शांतपणे पिशवी भरली आणि पेताह तिक्वाला मुलीकडे, पनीनाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "माझ्यावर नजर ठेवलीस. पोरावर ठेव."

मंगळवारी सकाळी घरात फक्त ती आणि इत्सिक. दाराला आतून कडी.

रीळ मशीनवर.

आता संशयाला एकच माणूस उरलं होतं, ती स्वतः. झोपेत उठून आपणच करत असू. आणि झोपेत मशीन चालवणारी आई झोपेत आणखी काय काय करेल? त्या दिवशी तिने पोराला कडेवरून खाली ठेवलं नाही.

संध्याकाळी सातला तिने सहावा दिवा लावला. अमावास्येचा सुमार, बाहेर काळोख. इत्सिक आतल्या खोलीत झोपला. एकदा डोळ्यांनी बघून टाकावं, म्हणून तिने बत्ती बंद केली. मशीन सुरू केलं.

अंघोळ. ठीक.

वाढदिवस. ठीक.

मग हॉल. भिंतीवरची ती स्वतः, गुडघ्यांवर, हात पसरून. इत्सिक उभा राहिला.

एक पाऊल. दोन. तीन.

चौथ्याला तो थांबला.

त्याने आईकडे पाहिलं नाही. तिच्या बाजूने... तिच्या हाताखालून... पुढे गेला. हसत. भिंतीवरच्या चौकटीबाहेर.

भिंतीवरची योखेवेद तशीच. हात पसरलेले. रिकामे.

मग जोड. मग किनारा. हिल्डा चालत होती. आता ती वळणार...

योखेवेदने वायर उपटली.

आत धावली. पोर जागेवर होतं, गाढ झोपलेलं. तिने त्याला दुलईसकट उचललं आणि वर माझ्या दारावर लाथा मारल्या. हात मोकळे नव्हते ना.

"अबाजीकाका, कापा. आत्ता कापा."

मी खाली आलो. फिल्म बोटांतून फूट न् फूट काढली. जोड तीनच, तिच्याच हातचे. दुसरं कुठं कापलेलं नाही, चिकटवलेलं नाही. तिसऱ्या जोडावर कात्री मारली. ती पोराला छातीशी धरून उभी होती. तिला म्हटलं, हिल्डाचं जुनं छोटं रीळ दे. पन्नास फुटांची तिची फिल्म तिच्याच रिळावर गुंडाळायला घेतली. गुंडाळत गेलो. गुंडाळत गेलो...

काका थांबले. बिया फोडायचा आवाज केव्हाच बंद झाला होता.

"नू?" योराम हळूच म्हणाला. "पोराचं काय झालं?"

"काही नाही झालं. अकरा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो, आईला उलट बोलतो. जेमायमाबाईंना तिने स्वतः जाऊन परत आणलं, पाया पडून."

"आणि फिल्म?"

"ते रीळ पन्नास फुटांचं. काठोकाठ भरलं. आणि तरी माझ्या हातात फिल्म उरली होती. सहा फूट, सात फूट. मी ती उजेडात धरणार होतो, तिच्यात कोण आहे ते बघायला. योखेवेद म्हणाली, नका..."

"मग?"

"तशीच गुंडाळली. कडेच्या बाहेर आली. पत्र्याच्या डब्यात कोंबली. त्या डब्याचं झाकण आता बसत नाही."