चढावरचा आलेख

थोरलीनं आपल्या मुलाच्या शर्टाची घडी मांडीवर ठेवली आणि यंत्राशेजारच्या खुर्चीत ठाण मांडलं.

"आजी, बाहेर थांबा ना," टेक्निशियन बाई म्हणाली.

"जन्माला घातला तेव्हा नाही थांबले बाहेर, आता बरी थांबेन!"

मुलगा ट्रेडमिलच्या पट्ट्यावर उभा राहून हसला. छातीवरचे केस जागोजाग भादरलेले, तिथं चिकटपट्ट्या, त्यांतून लोंबणाऱ्या वायरी. कचेरीचा जिना चढताना एकदा धाप लागली, म्हणून ही तपासणी. आलेख बिघडला तर ऑपरेशन, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. घरी त्याची लेक नुकती पाऊल टाकायला शिकत होती, त्यामुळे मुलगा हसत असला तरी डोळे हसत नव्हते.

पट्टा सुरू झाला. स्पिरिटचा वास, बुटांची थपथप, यंत्रातून सरसरत निघणारा कागद. मधूनमधून पट्टा पुढून उचलला जाई आणि वेग वाढे.

तिसऱ्या चढाला थोरलीच्या डाव्या जबड्यात कळ आली.

कळ जुनीच होती. जिन्यावर यायची, बादली उचलली की यायची. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. लागला असता तर सगळ्यांनी मिळून तिला खाटेवर बसवलं असतं आणि घर सुनेच्या हाती गेलं असतं. तिनं ओठ आवळले.

"छातीत दुखतंय?" कागदाकडं बघत डॉक्टरांनी मुलाला विचारलं.

"छे! मस्त चाललंय."

"मग ही रेघ खाली का बसतेय? हृदयाला रक्त कमी पडतंय तुमच्या."

पट्टा थांबवला. कळही थांबली.

मुलाचा चेहरा उतरला. चिकटपट्ट्या नीट बसल्या नसतील, जरा दम खाऊन पुन्हा बघू, असं ठरलं. या वेळी थोरली कुणी सांगायच्या आत बाहेर जाऊन बसली. आलेख स्वच्छ आला.

"वायर सैल असणार," टेक्निशियन बाई म्हणाली.

थोरलीनं आपला डावा जबडा चाचपला. ती अशी गप्प झाली की घरातली भांडीसुद्धा जपून वाजत.

"आता मला चढवा," ती म्हणाली.

"आई, तुला काय झालंय?"

"काही झालं नाही, तेच बघायचंय."

तपासून डॉक्टरांनी होकार दिला. चपला चालणार नव्हत्या, म्हणून तिनं मुलाचेच बूट घातले, पुढे कापूस कोंबून. तो अनवाणीच बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

पहिला चढ. दुसरा. ती कळेची वाट बघत होती.

तिसरा.

कळ आली नाही. पाय हलके पडत होते. श्वास कसा, गार पाणी प्यायल्यासारखा.

"आजी, पंचविशीतलं हृदय आहे हो तुमचं!" टेक्निशियन बाई म्हणाली.

थोरली फुलली. "मग? आणखी उचला की पट्टा!"

पट्टा उचलला गेला. तिनं ऐटीत मान वळवून दाराच्या काचेतून मुलाकडं पाहिलं.

तो घामानं निथळत होता. पाठ वाकलेली, अनवाणी पाय फरशीवर घट्ट रोवलेले.

तळहात डाव्या जबड्यावर दाबलेला.

"थांबवा!" थोरली ओरडली. "थांबवा ते!"

पट्टा थांबला.

मुलाचा हात खाली आला नाही.