अर्धी पात

सकाळी नवाच्या सुमारास ललिता फार्महाऊसवर पोचली. पिशवीत तुरटीचे दोन खडे, काथ्याचा ब्रश आणि डब्यात शिळा भात. नवेगाव बांधच्या अलीकडचं हे फार्महाऊस गोंदियाच्या चुन्नीलाल सेठचं. मागच्या अंगणात त्यानं पोहायला निळ्या फरशीचं टाकं बांधलं होतं. पण त्या उन्हाळ्यात, दोन हजार अकरा साली, टाक्यातलं पाणी हिरवंगार गढूळ झालं होतं आणि तळ काही केल्या दिसत नव्हता.

आधी हे टाकं तिचा नवरा रत्नपाल घासायचा. महिन्यापूर्वी तो कामावर आला तो घरी परतलाच नाही, टाकंही अर्धंच घासलेलं राहिलं. सेठनं गावभर सांगितलं, "भाग गया. कोई औरत का चक्कर होगा."

पळाला म्हणे! अंगात ताप फणफणत असतानासुद्धा धानाच्या रोवणीत वाट्याला आलेली पात, रोपं लावायचा आपला पट्टा, ज्यानं कधी अर्धी सोडली नाही, तो माणूस टाकं अर्धं घासून पळेल? लोकांच्या जिभेला काही हाड? ललितानं महिनाभर हे ऐकून घेतलं, आणि मग सरळ सेठकडे जाऊन नवऱ्याचंच काम मागितलं. तिला पैसा नको होता, रत्नपाल कुठं गेला ते हवं होतं.

"कर," सेठ म्हणाला. "मात्र मोटरच्या खोलीत जायचं नाही. नवी फरशी घातली आहे."

ललिताला आठवलं. ती मोटर करंट मारते, दुरुस्त करा, असं रत्नपालनं सेठला दोनदा सांगितलं होतं. सेठनं हसून उडवून लावलं होतं.

तिनं तुरटी फडक्यात बांधून पाण्यात फिरवली, शेवाळाचे लोंबणारे गोळे जाळीनं काढले आणि सावलीत बसली. दुपारपर्यंत गाळ हळूहळू खाली बसला. वारा पडलेला, पाखरूही बोलत नव्हतं. मग कुठूनतरी आवाज आला. घस्स… घस्स… फरशीवर ब्रश ओढल्यासारखा, पण पाण्याखालून. पाण्याला खर्ऱ्याचा, घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा वास येत होता. रत्नपालच्या तोंडाला यायचा तोच.

ती वाकली. तळाच्या हिरव्या शेवाळात वीतभर रुंदीचा एक निळा पट्टा घासून लख्ख झालेला. पट्ट्याच्या टोकाशी शेवाळात दोन अनवाणी पावलं उमटली होती. टाचा तिच्याकडे.

सारे लोक पुढं सरकत घासतात. रत्नपाल तेवढा रोवणीसारखा मागं मागं सरकत घासायचा, घासलेल्यावर आपलाच पाय पडू नये म्हणून. आणि उजव्या पावलाची करंगळी नव्हती. धान कापताना विळ्यानं गेलेली.

"उदारामभाऊ," तिनं चौकीदाराला हाक मारली. "हे पाय कवापासून हायेत?"

उदाराम काठाजवळ आलाच नाही. "मी दुपारी इकडं येत नाई, बाई… आयकू येते…"

"मंग बोलला काऊन नाई?"

"पोट हाये ना मले…"

"मलेबी हाये!" ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी पट्टा काठाच्या भिंतीपर्यंत आला होता. तेवढ्यात सेठ आला आणि पाहताच खेकसला, "एकच पट्टा काऊन घासला? बाकी कोण करेल?"

"मी नाई घासला, सेठ."

सेठनं वाकून पाहिलं. त्याची नजर त्या चार बोटांच्या पावलावर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. "ब्लीचिंग टाक… अभी के अभी!" म्हणत तो गाडीकडे पळाला.

ललितानं ब्लीचिंगला हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी पट्टा भिंत चढून बाहेर आला होता. कोरड्या अंगणात ओला, हिरवट, सरळ मोटरच्या खोलीच्या दारापर्यंत. ललितानं गाव गोळा केलं. सब्बलीनं कुलूप तोडलं, नवी फरशी उकरली. दोन हात खोल रत्नपाल सापडला. मुठीत ब्रश तसाच होता.

टाकं अर्धं टाकून पळाला म्हणून त्याला नावं ठेवली होती ना? मोटरचा करंट लागून कामावर मेलेल्या माणसाला जमिनीत दाबलं, वर त्याच्या बायकोच्या तोंडावर त्यालाच बदनाम केलं! ललिता ठाण्याच्या दारात उभी राहून हे ओरडून बोलली. पण सेठ पंधरा दिवसांत जामिनावर सुटला आणि, निर्लज्जपणा पाहा, आराम करायला म्हणून फार्महाऊसवरच येऊन राहिला.

दोन दिवसांनी भर दुपारी उदाराम धापा टाकत ललिताच्या दारात आला.

"बाई… तो पट्टा थांबला नाई. मोटरच्या खोलीतून निघाला, बंगल्याकडं वळला. आता तिसऱ्या पायरीवर हाये. टाचा सेठच्या दाराकडं… सेठ पुसाले सांगून राहिला. पुसू का?"

ललिता तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पुसू नोको," ती म्हणाली. "पात अर्धी सोडाची सवय नाई त्याले."