चिखलीच्या शेडमधली विलायती नटी

कोंडाजी नेवाळ्यांच्या लेकीचं, अपेक्षाचं, लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. मांडवाचे बांबू अजून दारातच पडलेले होते, टोपीवरची हळद निघाली नव्हती, तेवढ्यात ही भानगड उभी राहिली.

कोंडाजींनी जन्मभर टेम्पो चालवला. आता ते दीक्षा ओव्हाळची गाडी चालवत. दीक्षाचं चिंचवडला एका खोलीचं ऑफिस होतं, खाजगी तपासाचं. बाई चाळिशीची, बोलणं कमी, आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची खोड.

शुक्रवारी सकाळी शाहीन मणियार आली. तिच्या ओढणीवर वाळलेलं रक्त होतं.

"माझ्या भावाचं आहे," ती म्हणाली. "रिझवानचं. नाटकाचे दिवे तोच बघतो. काल साडेचारला तो चिखलीच्या तालमीच्या शेडमध्ये दिवा दुरुस्त करायला गेला. प्रीतमसरांनी बोलावलं होतं. आत हेस्टरबाई पडलेल्या, डोकं फुटलेलं. त्याने त्यांना उचलून बघितलं. शेजारी त्याचाच, शेडमध्ये ठेवलेला लोखंडी पान्हा पडला होता, तो हातात घेऊन ओरडत बाहेर आला. रस्त्यावर कंपन्यांमधली माणसं क्रिकेट खेळत होती. त्यांनी पान्हा बघितला, रक्त बघितलं, आणि स्टंपांनी झोडपला त्याला. काय झालं म्हणून एकानेसुद्धा विचारलं नाही."

"आणि आता?"

"कवटी फुटलीय. डॉक्टर म्हणतात दोन दिवस, फार तर तीन. आणि दाराशी पोलीस बसवलाय, तो पळून जाईल म्हणून!" शाहीनने तोंड पुसलं. "त्याला वाचवा असं मी म्हणतच नाही, ताई. तो खुनी म्हणून मरू नये, एवढं करा."

"शुद्धीवर असताना काही बोलला?"

"एकच. आपा, रक्त सुकलं होतं, पापुद्रे निघत होते."

दीक्षाने ते लिहून घेतलं.

हेस्टर कोलबर्न ही विलायतेची नटी, वय अठ्ठ्याहत्तर. सहा वर्षं तळेगाव दाभाड्यात राहत होती. तिच्या आयुष्यावर तिचाच एकपात्री प्रयोग बसत होता आणि त्याची पानं शाहीन टाइप करत होती.

"सतराव्या वर्षी समुद्राकाठच्या एका लहान थिएटरात झाडू मारायला लागल्या," शाहीन सांगू लागली. "मग मोलकरणींची कामं, मग राण्यांची. मग टीव्हीवर नऊ वर्षं नर्स. लोक बाजारात गाठून त्यांना गळवं दाखवायचे. म्हणायच्या, मला मलमपट्टीसुद्धा येत नाही गं! पुढे पोरांना शिकवायला लागल्या. तिथेच दोन हजार तेरामध्ये एक मुलगी खाली पडून मेली. रंगमंचाच्या जमिनीत झाकण असतं, ते कुणीतरी उघडं ठेवलं होतं. कुणी ठेवलं ते बाईंनी चौकशीत लपवलं. पानावर लिहिलंय, नाव शेवटच्या प्रवेशात सांगेन."

"ते पान कुणाकुणाकडे आहे?"

"मी टाइप करून बुधवारी सकाळी प्रीतमसरांना पाठवलं. तेच बसवतात ना प्रयोग."

शेडमध्ये रक्ताचा डाग पाटाएवढा होता. भिंतीवर शिंतोडे छातीपर्यंत गेले होते. शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकायची प्रेस चालू होती. दणका बसला की पायाखालची जमीन हाले.

सोजरबाई व्हरांड्यात बसून होती. हेस्टरबाईंचा स्वयंपाक आणि कपडेपट ती बघायची.

"तीनला प्रीतमसायेब निघालं," ती ओरडून सांगू लागली. "दार ओढून घेतलं. म्हणलं, बाई पाठ करत्यात, आत जाऊ नका. मंग सव्वाचारपर्यंत बाईंचा आवाज येत व्हता."

"मध्ये थांबला?"

"न्हाई. एका दमात. पाणीसुदिक मागितलं न्हाई. वर ह्यो मेला दणका! शब्द कळत न्हवतं, पर आवाज बाईंचाच."

"गुरुवारी नेहमी येता इथे?"

"कवाच न्हाई. गुरुवारी आमी तळेगावलाच ऱ्हातो. प्रयोग जवळ आला म्हणून सायबांनी कालच आणलं. आन् मी काय बाईंना मारीन व्हय? त्यांच्या केसांना रोज मी तेल लावायची." ती पदर तोंडात कोंबून रडू लागली.

दोन्ही शेडचा मालक दादासाहेब. त्याला प्रेस वाढवायची होती आणि नाटकवाल्यांची शेड रिकामी करून हवी होती. म्हातारीला उचलून फेकीन, असं तो चारचौघांत बोलला होता.

"या या, दीक्षाबाई! माझ्यावरच येणार हे माहीत होतं मला."

"काल दुपारी कुठे होता?"

"सुट्टीच्या दिवशी माणूस कुठे असतो? भावाच्या नातवाचं जावळ होतं चऱ्होलीला. दोनशे पान उठलं. आमटी कशी झाली होती तेपण विचारा त्यांना." मग त्याचा आवाज खाली आला. "तोंडाने बोललो बाई मी. हात नाही उचलला."

प्रीतम मात्र नम्र होता. डोळे सुजलेले. "मी दोन हजार बारा ते चौदा तिकडे त्यांच्या हाताखाली शिकलो. आईच होत्या त्या माझी. काल तीनला इथून निघालो. साडेतीन ते पाच ताथवड्याच्या कॉलेजात साठ पोरांसमोर बोलत होतो. परत आलो तर इथे पोलीस."

"इथून काही नेलंत?"

"माझी बॅग फक्त. कपड्यांच्या पेटीत होती. पोलिसांना विचारूनच घेतली."

गाडीत बसताना कोंडाजी म्हणाले, "म्याडम, सव्वाचारला बाई जित्ती, साडेचारला मेली. मधी आत गेला तो रिझवानच. मला तर दुसरं दिसत न्हाई."

"पंधरा मिनिटांत रक्ताचे पापुद्रे निघतात का, काका?"

कोंडाजींनी गाडी सुरू केली.

शनिवारी दुपारी दीक्षाने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. फौजदार दोन शिपाई घेऊन आला होता. शेजारी प्रेस दणके देत होती.

"सोजरबाई, गुरुवारी बाईंच्या आवाजाबरोबर हाच दणका ऐकलात?"

"ह्योच की."

"दादासाहेब, गुरुवारी प्रेस किती वाजेपर्यंत चालू होती?"

दादासाहेब हसला. "गुरुवारी? अहो, गुरुवारी इथल्या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याची सुट्टी. बुधवारी रात्री मीच कुलूप घातलं. कामगार त्या रस्त्यावर क्रिकेट खेळत होते की!"

कोंडाजींनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं याच रस्त्याने टेम्पो हाकला. गुरुवारी इथे भोंगा वाजत नाही, हे त्यांना आपल्या नावासारखं ठाऊक होतं.

"मग बंद प्रेसचा दणका आला कुठून?" दीक्षा म्हणाली. "आला तो दाराआडून, बाईंच्या आवाजाबरोबर. तो आवाज बुधवारच्या तालमीत भरून घेतलेला होता, त्यात दणकाही भरला गेला. सोजरबाई गुरुवारी कधी इथे आल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, रोजचंच आहे. आणि ज्याने आवाज भरला, त्याच्याही कानाला दणका इतका सवयीचा की त्याला तो खटकलाच नाही. बाई तीनच्या आधीच मेल्या होत्या. म्हणून रक्त सुकलं, म्हणून मध्ये कुणी पाणी मागितलं नाही. दार ओढून घेणारे तुम्ही, प्रीतम. साडेचारला रिझवानला बोलावणारे तुम्ही. पेटीतून बॅग नेणारेही तुम्हीच. त्यात काय होतं?"

"काहीतरीच! मी कशाला मारीन त्यांना?"

"तेरा साली झाकण तुम्ही उघडं ठेवलंत. बाई रंगमंचावरून तुमचं नाव घेणार होत्या. ते पान बुधवारी तुमच्या हातात पडलं."

फौजदाराने खिशातून लहानसा स्पीकर काढला. "दीक्षाबाईंच्या सांगण्यावरून सकाळी यांच्या खोलीची झडती घेतली, तिथे सापडला. कार्ड आतच आहे." त्याने बटण दाबलं. म्हातारीचा खणखणीत आवाज शेडभर घुमला, आणि मागे दणका, दणका, दणका. सोजरबाईने कानावर हात दाबले.

प्रीतमने दिव्याचा लोखंडी स्टँड उचलला आणि दीक्षाच्या डोक्यात घालायला धावला. कोंडाजींनी मध्ये हात घातला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना आधी ऐकू आला, कळ नंतर आली. प्रीतमने दुसऱ्यांदा स्टँड उगारला, तेवढ्यात दोन्ही शिपायांनी त्याला तोंडावर पाडलं. फरशीवर दोन दात सांडले.

"एक पोरगी मेली ती मेलीच!" तो रक्त थुंकत ओरडला. "अकरा वर्षांनी काय गरज होती? बाई म्हणाली, तुझ्यासाठी अकरा वर्षं खोटी भूमिका केली, आता पुरे. पाया पडलो मी तिच्या!"

"आणि रिझवानने काय केलं होतं?" शाहीनने विचारलं.

प्रीतम तिच्याकडे बघेना.

"माझ्याकडे बघून सांगा."

त्याने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारावरचा पोलीस उठला. जाताना त्याने खुर्ची आत नेऊन शाहीनसाठी पलंगाशी ठेवली. ती रात्रभर भावाच्या कानाशी बोलत बसली. त्याने डोळे उघडले नाहीत. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून कोंडाजी बाहेर बाकावर बसून होते. घरी चला, असं दीक्षाने दोनदा म्हटलं, पण ते उठले नाहीत.

हेस्टर कोलबर्न गुरुवार, बावीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी दुपारी तीनच्या आधी मेली. रिझवान मणियार रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळी सव्वासातला गेला. त्याचं वय एकोणतीस होतं.