एक्केचाळिसाव्या पानापर्यंत

त्या एप्रिलात गारखेड्याच्या नळांना आठ दिवसांनी पाणी यायचं, नव्या इमारती मात्र रोज वर चढत होत्या. भर दुपारी नीरजा श्रीधर सरांच्या फ्लॅटवर पोहोचली. पोथीची थोडीच पानं टाइप करायची उरली होती. ओव्या बाळबोध लिपीत, टीका मोडीत आणि समासात फारसी टिपणं. तिन्ही लिप्या संगणकावर एका पानात बसवणं सरांना जमेना, म्हणून त्यांनी शब्द दिला होता: काम पुरं कर, संपादक म्हणून नाव तुझं एकटीचं.

फाइल उघडली आणि ती थबकली. शेवटी मोडीत एक ओळ होती. तिनं न लिहिलेली.

‘एक्केचाळिसाव्या पानापर्यंत लेखन नीरजाचे. पुढील भानुमतीचे.’

“ही भानुमती कोण, सर? आयत्या वेळी नात्यातलं कुणी घुसवताय व्हय?”

“मला तो माऊस धड धरता येत नाय, मी काय घुसवणार!” सर हसत जवळ आले. ओळ वाचली आणि खुर्चीत बसले. “भानुमती म्हणजे ही पोथी उतरवणारी बाई. दोनशे वर्षं झाली. शेवटच्या पानावर नाव आहे की तिचं.”

होतं. रिवाज असा, की नक्कल करणाऱ्यानं आधीच्याचं नाव ठेवून त्याखाली आपलं घालायचं. नीरजानं फाइलीत आधीच भानुमतीचं गाळून तिथं फक्त स्वतःचं टाकलं होतं. कोण विचारतंय त्या बाईला!

“अशी दोन नावं... कधी लिहितात?”

“लिहिणारा मध्येच गेला, की. उरलेलं दुसरं कुणी पुरं करतं...” सरांचा आवाज उतरला. “तिचं नाव परत घाल, पोरी. आधी.”

“मी भिऊन काम सोडावं, मग नाव तुमचं! कळतात मला ही नाटकं.”

तणतणत तिनं एक्केचाळिसावं पान टाइप केलं. शेवटच्या ओवीपुढची उभी दंडरेघ दिली आणि वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. कोंडलेल्या खोलीत ओल्या शाईचा वास पसरला. ती उठून खिडकीशी गेली. खाली टँकरभोवती बाया भांडत होत्या.

मागं सर डोळे मिटून बसले होते.

“नीरजा... पुरे आता... बंद कर ते टाइप करणं...”

नीरजाचे दोन्ही हात खिडकीच्या गजांवर होते.